देवळ्यापर्यंत टिकणारं फाउंडेशन

ओझर आलं की अहिरेबाई दोरी ओढून घंटी वाजवायच्या, उतरणाऱ्यांना उतरवायच्या, चढणाऱ्यांना आत ढकलायच्या, आणि मग माझ्यासमोर आधी उजवा गाल, मग डावा गाल धरून विचारायच्या, "मॅडम, आहे का गेलं?"

पहिल्या दिवशी मला वाटलं, बाईंची दाढ दुखतेय. मी म्हटलं, "सूज तर दिसत नाही."

"सूज नाही हो! फाउंडेशन! आहे का गेलं?"

मी नीट बघितलं. गेलं होतं. कपाळावर थोडं शिल्लक होतं, नाकावरून तर साफ पळालं होतं. तसं सांगितल्यावर बाईंनी खिशातून चपटी ट्यूब काढली, तिच्याकडे खाऊ की गिळू अशा नजरेनं पाहिलं आणि आपल्या अहिराणीत निकाल दिला, "या ट्यूबमा दम नही शे."

सुनंदा अहिरे या आमच्या सकाळी सातच्या नाशिक–देवळा गाडीच्या कंडक्टर. लाल डब्यात बाईमाणूस तिकिटं फाडताना दिसायला लागल्याला तेव्हा फार वर्षं झाली नव्हती. मोबाईलसुद्धा अख्ख्या गाडीत एका कांद्याच्या व्यापाऱ्याकडे होता, आणि तो त्यावर बोलायला लागला की खिडक्यांच्या काचा हलायच्या. मी देवळ्याच्या कॉलेजात इतिहास शिकवायचे. द्वारकेला चढायचे, कंडक्टरच्या सीटमागची खिडकी पकडायचे आणि डुलकी काढायचे. अहिरेबाईंनी माझी डुलकी कायमची बंद केली. मला त्यांनी चेहऱ्याची चेकर नेमलं होतं.

खोटं कशाला सांगू, बाईंची कातडी होतीच तशी. सकाळी तोंड धुऊन निघाल्या की आडगावपर्यंत कपाळावर तेल, आणि दोन्ही गालांवर मुरूम. एक बसतोय तोवर शेजारी दुसरा उठतोय. वय तिशीच्या पुढे गेलं तरी मुरमांना त्याची खबर नव्हती. त्यात पगार कंडक्टरचा. शहरातल्या काचेच्या दुकानातल्या परदेशी बाटल्या परवडायच्या नाहीत. मग मेन रोडच्या कटलरीच्या दुकानांतून शंभराच्या आतली प्रत्येक ट्यूब, डबी, बाटली बाई आणून बघत. आणि कुठली किती टिकते हे त्या तासांत मोजत नसत, स्टॉपांत मोजत.

"निळ्या झाकणाची ओझरला उतरली."

"ती गुलाबी डबी बरी होती, पिंपळगावपर्यंत आली."

"कालचीनं तर द्वारकासुद्धा ओलांडली नाही, मेलीनं!"

तेव्हा त्या किमतीत रंग मिळायचे दोनच, गोरा आणि जास्त गोरा. बाई सावळ्या. एके दिवशी त्या जास्त गोरा लावून आल्या. चेहरा चुन्यासारखा, मान गव्हाळ, हात त्याहून काळे. आमचे ड्रायव्हर पगारेभाऊ, वीस वर्षांचे मुरलेले, पण त्यांनी मागच्या आरशात पाहिलं आणि गाडीच बाजूला घेतली. "बाई," ते म्हणाले, "एक तर तुम्ही पुढे बसा, नाहीतर मी आरसा फिरवतो."

मग कुणीतरी त्यांना सांगितलं की आधी मुलतानी मातीनं तेल शोषून घ्या. बाई घाईत माती धुवायच्या राहिल्या आणि तशाच ड्युटीवर आल्या. आडगावला ती इतकी कडक वाळली की तोंड उघडेना. "तिकीट" म्हणायला गेल्या तर "हिहीह" असा आवाज आला. पुढे पिंपळगावपर्यंत बोटांवर तिकिटं झाली. एका म्हाताऱ्यानं त्यांना मुकी समजून सुट्टे पैसे परत घेतले नाहीत, वर आशीर्वाद दिला.

पिंपळगाव हा सगळ्यात मोठा अडथळा. कांद्याचा हंगाम असला की बाजार समितीपुढे ट्रॅक्टरची रांग लागायची आणि आमची गाडी अर्धा-अर्धा तास उन्हात उभी. कांद्याचा पाला, धूळ, इंजिनची धग. त्या अर्ध्या तासात भल्याभल्या ट्यूबा खलास झाल्या. हळूहळू सगळ्या गाडीलाच नाद लागला. पिंपळगावला चढून वडाळीभोईला उतरणारे एक फेटेवाले बाबा तर चढल्या चढल्या विचारत, "काय बाई, आज कुठवर?" आणि चष्मा वर करून स्वतःच सांगत, "हाय हाय, नाकावरचं तेवढं गेलंय."

पण वडाळीभोईच्या पुढे, घाट चढून देवळ्यापर्यंत काही टिकायचं नाही. आणि बाईंना नेमकं देवळ्यापर्यंतच हवं होतं. "परत येताना गेलं तरी चालेल," त्या म्हणत. "पण देवळ्याला असायला पाहिजे."

आता असं म्हटल्यावर माणसं काय समजणार? सगळ्या गाडीनं ठरवून टाकलं की देवळ्याला कुणीतरी आहे. पगारेभाऊंचा संशय स्टँडवरच्या कंट्रोलरवर होता. माझा रसवंतीवाल्यावर.

शेवटी एक दिवस थांबून पाहिलं तेव्हा कळलं, होती ती त्यांची आई. स्टँडमागच्या दोन खोल्यांत एकटी राहायची. गाडी लागली की लेकीचा डबा घेऊन काठी टेकत बाकापर्यंत यायची. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकलेला, उजेड आणि अंधार तेवढा कळायचा. बाई समोर जाऊन उभ्या राहिल्या की म्हातारी दोन्ही हात त्यांच्या कपाळावरून, गालांवरून हनुवटीपर्यंत सावकाश फिरवायची आणि स्वतःच्या कानशिलावर बोटं कडाकडा मोडून आलाबला घ्यायची. रोज. मी ते कॉलेजला जाता जाता बघायचे आणि मला माझ्या आईची आठवण यायची.

एक दिवस मी स्पष्टच विचारलं, "अहो, आईला तर दिसत नाही. मग हा सगळा खटाटोप कुणासाठी?"

बाई माझ्या शेजारी बसल्या. पहिल्यांदाच गाडी चालू असताना त्यांना बसलेलं पाहिलं.

"मॅडम, मी एक घोळ घालून बसलेय," त्या म्हणाल्या.

घोळ असा होता. बाईंना बघायला पुष्कळ स्थळं आली आणि पोहे खाऊन गेली. प्रत्येक वेळी म्हातारी रडायची. तरुणपणी तिचीही कातडी अशीच होती. "माझंच तोंड तुले लागलं," म्हणून स्वतःला बोल लावायची. बाईंनी लग्नाचा विषय कधीच सोडून दिला होता, पण आईचं रडणं सुटत नव्हतं. मग डोळे गेले, तसं तीन वर्षांपूर्वी एक दिवस बाईंनी ठोकून दिलं, "आई, एक औषध लागू पडलं. सगळे मुरूम गेले बघ. तोंड लोण्यासारखं झालंय."

"आणि मग?"

"मग काय! तिनं स्टँडवर पेढे वाटले. त्या दिवसापासून रडली नाही."

"मग बिघडलं कुठे?"

"मीच तिच्या मागे लागले होते ना, ऑपरेशन कर, ऑपरेशन कर. दोन वर्षं नाही म्हणत होती, डोळ्याला सुरी लावू देणार नाही म्हणत होती. आता देवळ्यात शिबीर लागलंय आणि म्हणते, करते. का, तर म्हणते, तुझं तोंड बघायचंय!" बाईंचा आवाज एकदम बारीक झाला. "पट्टी सोडली की पहिलं ती हेच बघणार, मॅडम. हे!"

त्यांनी स्वतःच्या गालाकडे बोट केलं. मला हसूही आलं आणि वाईटही वाटलं. शिबिराला पंधरा दिवस होते.

त्या पंधरा दिवसांत मी इतिहास कमी शिकवला आणि मेन रोड जास्त पालथा घातला. अखेर एका दुकानदारानं मागच्या फळीवरून धूळ खात पडलेली बाटली काढली. ट्यूब नव्हे, बाटली. आत पाण्यासारखं पातळ, हलवून लावायचं, वर तेलकट त्वचेसाठी असं लिहिलेलं. रंग सावळा. "कुणी घेतच नाही हो हा रंग," तो म्हणाला. "घेता का? निम्म्यात देतो." मला त्याचा पापा घ्यावासा वाटला.

दुसऱ्या दिवशी बाई चढल्या तेव्हा आधी कळलंच नाही की काही लावलंय. चेहरा त्यांचाच, मान त्यांचीच, फक्त मुरूम दिसत नव्हते. पगारेभाऊंनी आरसा सरळ केला. ओझर, आहे. पिंपळगाव, आहे. वडाळीभोईला नाक चकाकायला लागलं आणि बाई रुमालानं पुसणार, तेवढ्यात मी ओरडले, "घासू नका! टिपा!" पण टिपायचं कशानं? बाईंनी इकडेतिकडे पाहिलं आणि उतरणाऱ्या बाबांच्या हातातलं तिकीट काढून घेतलं. ते पातळ कागदाचं तिकीट मागच्या कोऱ्या बाजूनं नाकावर दाबलं. तेल तिकिटाला, फाउंडेशन नाकाला! तिकीट एवढं पारदर्शक झालं की त्यातून पलीकडचा फेटा दिसला.

"अहो, घाण असतं ते, आणखी मुरूम येतील!" मी म्हटलं.

"येऊ द्या, आईची पट्टी सुटल्यावर येऊ द्या," बाई म्हणाल्या आणि गाडीभर फर्मान काढलं, "उतरताना तिकिटं माझ्याकडे द्यायची! चुरगळायची नाहीत!" त्या दिवशी घाट चढून फाउंडेशन पहिल्यांदा देवळ्यात पोचलं. फेटेवाले बाबा मुद्दाम पुढच्या तिकिटाचे पैसे भरून बघायला आले होते.

ऑपरेशन झालं. पट्टी रविवारी सकाळी सुटणार होती आणि त्या दिवशी बाईंची ड्युटी होती. मी घरी जादा तासाची थाप मारली आणि सुट्टीच्या दिवशी सातची गाडी पकडली. बाईंचं काम सुरेख झालं होतं. वडाळीभोईला नाकही टिपून झालं. गाडी घाट चढून देवळ्याला लागली.

म्हातारी बाकावर बसली होती. डोळ्यांवर काळा गॉगल, मांडीवर डबा, ऐटीत. बाई समोर जाऊन उभ्या राहिल्या. म्हातारीनं गॉगल थोडा वर केला आणि बघितलं. खूप वेळ बघितलं.

"कोन शे तू?" ती म्हणाली.

"आई, मी. सुनंदा."

म्हातारीनं मान हलवली. पदराचं टोक जिभेवर ओलं केलं आणि लेकीची हनुवटी धरून, लहान पोराचा शेंबूड पुसावा तसा उजवा गाल खसाखसा पुसला. घाट ओलांडून आलेलं ते फाउंडेशन एका पदरात गेलं. खालचे सगळे मुरूम लालबुंद होऊन उघडे पडले. म्हातारी हसली.

"हाई शे मनी पोर," ती म्हणाली. ही माझी पोर.

बाईंचा चेहरा मला बघवेना. "तुला माहीत होतं?" त्यांनी कसंबसं विचारलं.

"तीन वरीस रोज तोंडावरून हात फिरवते मी. मोतीबिंदू डोळ्याले व्हता, हातले नही."

"मग पेढे कशाला वाटलेस?"

"तू इतकी खुशीत सांगत व्हती! म्हटलं, पोरगी मन्हासाठी खोटं बोलते. रडायचं कशाला आता?" आणि तिनं दोन्ही हात पुन्हा त्या मुरमांवरून फिरवून कानशिलावर बोटं मोडली. बाई तिच्या मांडीत डोकं घालून रडल्या. खाकी ड्रेसमध्ये, भर स्टँडवर. मीही रडले, त्यात लाजायचं काय? पगारेभाऊ म्हणत होते, डोळ्यात धूळ गेली. कंट्रोलरनं गाडी दहा मिनिटं उशिरा सोडली.

परतीच्या गाडीत बाईंनी सगळी तिकिटं तशीच फाडली, एक गाल गुळगुळीत, एक गाल स्वतःचा. पिंपळगावला ट्रॅक्टरच्या रांगेत उभे राहिलो, ओझर गेलं, आडगाव गेलं. द्वारकेला उतरायला उठले तेव्हा माझं लक्ष गेलं आणि मी किंचाळलेच, "बाई, डावा गाल बघा! अजून आहे! जाऊन येऊन टिकलं!"

बाईंनी पगारेभाऊंच्या आरशात वाकून बघितलं आणि कपाळाला हात लावला.

"आता टिकून काय करतंय मेलं!" त्या म्हणाल्या आणि इतक्या मोठ्यानं हसल्या की मागचे लोकही हसायला लागले. मग त्यांनी घंटीची दोरी दोनदा ओढली. गाडी सुटली तेव्हा मी खालून पाहिलं. त्यांचा दुसरा हात उजव्या गालावर होता, आईनं पुसलेल्या.