ऑरिनची पलटण

ऑरिन हास्कव्होल्डने धान्याच्या कोठीसमोरच्या पटांगणात चुन्याची रेघ पुन्हा एकदा मारली, कारण आधीची त्याला वाकडी वाटत होती. या रेघेवर आज त्याची पलटण उभी राहणार होती. पलटण अजून कायद्यात बसलेली नव्हती, पण तो कायदा करणाऱ्या सेनेटर रोझेला क्विगली स्वतः त्याच्या शेजारी उभ्या होत्या, आणि मनगटावरच्या घड्याळाकडे बघत होत्या.

क्विगलीबाईंचं विधेयक साधं होतं. राज्यावर संकट आलं, पूर, वादळ, दंगल, काहीही, तर गावोगावच्या नागरिकांनी आपापली बंदूक घेऊन स्वखुशीने हजर व्हायचं. राजधानीतले विरोधक म्हणत होते की गावची माणसं वेळेवर जमणारच नाहीत. मंगळवारी समितीत मतदान होतं. डाकोटाच्या माळावरच्या हॉलबर्ग गावाने आज करून दाखवलं, तर पहिली तुकडी हॉलबर्गची आणि तिचा कॅप्टन ऑरिन, असं बाईंनी फोनवर कबूल केलं होतं.

ऑरिनला या कॅप्टनपणाची भूक फार जुनी. अठराव्या वर्षी सैन्यभरतीच्या डॉक्टरने त्याचे सपाट तळपाय बघून त्याला घरी पाठवलं होतं. बरोबरीची पोरं गणवेशात गेली आणि ऑरिन वडिलांच्या पशुखाद्याच्या दुकानात पोती मोजत राहिला. गावाने तो विषय नंतर कधी काढला नाही, हॉलबर्गची माणसं तशी मनाची मोठी. पण ऑरिन तो दिवस विसरला नव्हता.

सगळी तयारी त्याने डोळ्यांत तेल घालून केली होती. चाळीसेक गडी नाव देऊन बसले होते. त्यांना हुकूम एकच, शनिवारी बाराचा भोंगा झाला की बंदूक घेऊन कोठीपाशी यायचं. भोंगा घड्याळाला जोडलेला, रोज बाराला आपोआप वाजायचा, म्हणजे वेगळी खटपटही नको. ही युक्ती आपल्याला सुचली याचं ऑरिनला आठवडाभर कौतुक वाटत होतं.

बारा वाजले. भोंगा झाला. ऑरिन छाती पुढे काढून उभा राहिला.

रस्त्यावर पिकअप गाड्या दिसू लागल्या. पहिली डुएन टॉफ्टेची, म्हणजे गावच्या बंबवाल्यांच्या म्होरक्याची. मागच्या काचेपाशी बंदूक टांगलेली स्पष्ट दिसत होती. डुएनने स्टिअरिंगवरून एक बोट उचलून ऑरिनला रामराम केला आणि गाडी सरळ घराकडे नेली. त्याच्या मागून दुसरी, तिसरी, दहावी. प्रत्येकाने बोट उचललं, प्रत्येकजण पुढे गेला. साठ वर्षं हॉलबर्गमध्ये बाराचा भोंगा झाला की माणूस जेवायला जातो. तोच भोंगा ऐकून युद्धाला जायचं असेल हे कोणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. ऑरिनचा भोंगा जेवणानंतर होईल, असं सगळ्यांनी आपापसात न बोलताच धरून टाकलं होतं.

"हे तुमचेच लोक ना?" क्विगलीबाईंनी विचारलं.

"माझेच," ऑरिन म्हणाला.

"मग चाललेत कुठे?"

ऑरिनने काहीतरी टेहळणीबद्दल सांगितलं, बाईंना तिथेच थांबवलं आणि बंबाच्या शेडकडे धाव घेतली. तिथे चिटपाखरू नव्हतं, सगळे जेवायला. भिंतीवर भोंग्याचं एकच बटण होतं. ऑरिनने ते दाबलं, सोडलं, पुन्हा दाबलं, पुन्हा सोडलं, लोकांच्या कानात नीट शिरावं म्हणून. मग तो पटांगणात परतला.

वरखाली होणारा भोंगा म्हणजे आग, हे गावातलं शेंबडं पोरसुद्धा सांगेल. ऑरिनलाही ठाऊक होतं, पण त्या दिवशी त्याच्या डोक्यात कॅप्टनपणाखेरीज दुसऱ्या कशाला जागा उरली नव्हती. दोन घास खाऊन उठलेले गडी बंदुका जिथल्या तिथे ठेवून शेडकडे पळाले, जाडजूड डगले चढवले, आणि धूर कुठे दिसतो ते बघू लागले. धूर दिसला. गावाबाहेर व्हर्जिल नॉप आपल्या बांधावरचं वाळकं गवत रीतसर परवानगी काढून जाळत होता. बंब घणघणत कोठीसमोरून गेला. त्याला लटकलेली अख्खी पलटण ऑरिनने आपल्या डोळ्यांनी उलट्या दिशेला जाताना पाहिली.

"चपळ आहेत," क्विगलीबाई म्हणाल्या. "पण आपल्याकडे कधी येतील?"

ऑरिनच्या तोंडचं पाणी पळालं. पहिले दोन्ही भोंगे फार आखूड झाले, असा त्याने निष्कर्ष काढला. बंब व्हर्जिलचं गवत भिजवून शेडमध्ये परत येऊन उभा राहिल्यावर आणि गडी पुन्हा ताटावर जाऊन बसल्यावर तो दुसऱ्यांदा शेडमध्ये शिरला. या वेळी त्याने बटणावर अंगठा ठेवला तो काढलाच नाही. गडी येईपर्यंत काढायचाच नाही, असं त्याने ठरवलं होतं. शेवटी अंगठा दुखायला लागला तेव्हा सोडला.

बाहेर येऊन बघतो तो पटांगणात बाई नाहीत. आभाळ सकाळपासून कुंद होतं, पश्चिमेकडे थोडं हिरवटही. आणि गावात काहीतरी चाललं होतं. कोणी ओरडत नव्हतं, पण दारं भराभर उघडत होती. दोन गडी म्हाताऱ्या अर्माला खुर्चीसकट उचलून नेत होते. एकाच्या काखेत पाद्रीबुवांचा आंधळा कुत्रा होता. कोणी कोणाला काही विचारत नव्हतं, तरी एकही घर सुटत नव्हतं. सगळी रांग चर्चच्या तळघरात उतरली आणि दार लागलं. रस्त्यावर फक्त ऑरिन उरला.

लांबच लांब, न तुटणारा भोंगा म्हणजे चक्रीवादळ. ऑरिनच्या लक्षात आलं तेव्हा त्याला वाटलं धरणी दुभंगावी आणि आपल्याला पोटात घ्यावं. आता तळघरात जाऊन सांगायचं काय, आणि तेही सेनेटरबाईंसमोर? जन्मभर ज्याची वाट पाहिली ते तासाभरात स्वतःच्या अंगठ्याने घालवलं, हे त्याला स्पष्ट दिसत होतं. तो आपल्या चुन्याच्या रेघेवर जाऊन नुसता उभा राहिला.

तेवढ्यात चर्चचं दार उघडलं. वाऱ्याने उडून जाऊ नये म्हणून कमरेला एकाच दोराने बांधून घेतलेली पाच माणसं वाकून, पळत बाहेर आली. पुढे डुएन, आणि त्याच्या मागे ऑरिनची बायको लावर्न, हातात अजून स्वयंपाकाचा जाड हातमोजा. वादळ अंगावर येतंय असं मनापासून मानून ती माणसं उघड्या पटांगणात धावत होती.

"डुएन, ऐक, वादळ-"

"नंतर सांग," डुएन म्हणाला आणि त्याने ऑरिनला खांद्यावर टाकलं.

तळघरात सगळं गाव होतं. जेवता जेवता उठलेल्यांनी हॉटडिशची, म्हणजे भट्टीत भाजलेल्या मांस-बटाट्याची भांडी बरोबर आणली होती आणि ती हातोहात फिरत होती. क्विगलीबाई एका खोक्यावर बसल्या होत्या, मांडीवर कोणाचं तरी बाळ, शेजारी कोणीतरी वाढलेली ताटली. मधोमध टिली ओव्हरगार्ड, गावाच्या दोन पिढ्यांना शिकवून निवृत्त झालेल्या शाळेच्या बाई, काठी टेकून उभ्या होत्या.

"ऑरिन आला," टिलीबाई म्हणाल्या. "झाले सगळे."

ऑरिनने सांगून टाकलं. वादळ नाही, भोंगा आपण दाबला, कवायतीसाठी. 

"आगीचाही तूच?" डुएनने विचारलं.

"मीच."

"व्हर्जिलचं गवत आम्ही तळं होईस्तोवर भिजवलं रे."

व्हर्जिलच आधी हसला, मग सगळे. ऑरिनला मात्र हसू येईना. क्विगलीबाईंनी बाळ आईकडे दिलं आणि विचारलं, हे सगळं कोणाच्या हुकमाने झालं? लोक एकमेकांकडे बघू लागले. मग टिलीबाईंनी सांगितलं की यात हुकूम कसला, ज्यांना आणावं लागतं ती माणसं ठरलेली आहेत, आणि कोणी कोणाला आणायचं तेही ठरलेलं आहे. अर्मा, लुंडचे म्हातारे वडील, पाद्रीबुवांचा कुत्रा आणि ऑरिन.

"मी?" ऑरिन म्हणाला. "मी कधीपासून?"

"तुझ्या दुकानाचे पत्रे उडाले तेव्हापासून. तू बाहेर उभा राहून ढग बघत बसतोस. डुएन नेतो तुला दर वेळी."

ऑरिनला आठवलं. प्रत्येक वादळात डुएन योगायोगाने दुकानासमोरून जात असे आणि म्हणत असे, चल, सोबत जाऊ. ज्याला आपण हुकूम सोडणार होतो तो इतकी वर्षं आपल्याला अर्माच्या रांगेत धरून न्यायला येत होता. त्याला क्षणभर फार लागलं. मग दोराने बांधलेल्या त्या पाच जणांचा दोर अजून सुटलेला नाही हे त्याला दिसलं, आणि त्याने पुढे होऊन डुएनच्या कमरेची गाठ सोडवली.

"तर मग कॅप्टन कोण, मिस्टर हास्कव्होल्ड?" क्विगलीबाईंनी विचारलं.

"डुएन," ऑरिन म्हणाला. ते म्हणायला त्याला वाटलं होतं तेवढं जड गेलं नाही.

मंगळवारी समितीत क्विगलीबाई हॉलबर्गबद्दल बोलल्या. एका विरोधकाने कुत्सितपणे विचारलं, की एवढी सशस्त्र पलटण, तर मग बंदुका कुठे होत्या? बाई म्हणाल्या, "गाड्यांमध्ये. हात रिकामे नव्हते. प्रत्येकाच्या हातात कोणीतरी होतं." विधेयक समितीतून पुढे सरकलं. सभागृहातलं मतदान अजून व्हायचंय, पण हॉलबर्ग कुठे थांबणार? कॅप्टन डुएनने सराव सुरूसुद्धा केले.

सरावात वाचवण्यासाठी कोणीतरी संकटात सापडावं लागतं. ते काम ऑरिनने आपणहून मागून घेतलं आणि त्यात त्याचा हात धरणारा आसपासच्या गावांत कोणी नाही. कधी तो कोठीच्या शिडीवर अडकतो, कधी ओढ्यात. पलटण त्याला शोधून काढते आणि स्ट्रेचरवर घालून निघते. मग स्ट्रेचरवर आडवा पडून ऑरिन हुकूम सोडतो, "डावीकडून घ्या, हळू, पुढे पायरी आहे," आणि अख्खी पलटण, कॅप्टनसकट, तो हुकूम निमूटपणे पाळते.