विरळ हवेचा महाल आणि गोजराबाईची धाव

गणरायास दंडवत, सरस्वतीस दंडवत, आणि ज्याणे दिव्यास तेल पुरविले त्यास त्याहून थोडा कमी. शके सोळाशे एकोणनव्वद, संवत्सराचे नाव लेखकाचे ध्यानी नाही, ते समयी राज्यात जे वर्तले ते लिहितो, आणि ज्यास खोटे वाटेल त्याणे आपले खरे दुसरीकडे लिहावे.

आमचे राज्य आणि शेजारचे राज्य यांत वैर थोर, परंतु लढाईचा उत्साह दोहींकडे नाही, म्हणोन दरसाल दसऱ्यास सीमेवरील माळावर बायकांच्या धावा होत. वेशीपासून वडापावेतो जीव तोडून धावावे, क्षणभर थांबावे की पुन्हा धावावे, आणि जी आधी बसेल तिचे राज्य हरले, ऐसा रिवाज. आमच्या बायका पहिली धाव झकास मारीत आणि चौथीस धापा टाकीत बसत. ऐसी तीन साले हार जाहली, मग सरकारस्वारी क्रोधास चढली आणि हुकूम सुटला की यंदा हरल्यास धावपथक मोडावे व बायका मुदपाकखान्यात दळणास लावाव्या. पथकाची नाईक गोजराबाई धनगरीण, जन्म माळावर धावण्यात गेलेला, तिणे हे ऐकोन अन्न सोडिले.

तेव्हा राजवैद्य भार्गवभट अर्ज करिते जाहले, "उंच पहाडावर हवा विरळ. तेथे थोडे दिवस धावा माराव्या, म्हणजे थोडक्या हवेत निभावण्याची अंगास सवय लागते आणि धावेमागून धाव झेपते."

"आपले राज्यात उंच काय आहे?" सरकारांनी पुसिले.

"महाराजांची कीर्ती," दिवाण खंडोपंत बोलिले. परंतु तिजवर धावता येईना.

मग जुना लांबट महाल निवडिला, आणि त्याच्या खिडक्या शेणामातीने लिंपिल्या, आणि हवा विरळ करावी कैसी यावर मसलत होऊन ठरले की दरबारच्या समस्त मानकऱ्यांनी आत बसोन ती ओढून घ्यावी, नाहीतरी त्यांस दुसरे काम नव्हते. मानकरी बसले. आणि पहिला श्वास कोणी घ्यावा यावर तंटा उभा राहिला. सरलष्कर म्हणाले मान आमचा, दिवाण म्हणाले, "आमचे आजोबांनी थोरल्या महाराजांचे शेजारी बसोन श्वास घेतला आहे," आणि मग ऐसी बोंबाबोंब जाहली की हवा खरोखर विरळ होऊन समया मंदावल्या. वैद्यांस आनंद जाहला. त्यांणी बायकांस आत घेतले आणि या भिंतीपासून त्या भिंतीपावेतो धावा मारविल्या, दारी बसोन नाड्या पाहिल्या, आणि जिचे डोळ्यांपुढे काजवे चमकत तिला बाहेर काढिले.

"आत लई गुदमरतंय, वैद्यबुवा," गोजराबाई म्हणाली.

"मग थांबवू?"

"नगं. जात्यापरीस बरं हाय."

मानकरी तों रोज एकमेकांचे अंगावर निजत, आणि बायका त्यांस पाठुंगळी मारोन बाहेर आणीत, तोही व्यायाम जाहला.

दसऱ्यास धावा जाहल्या. चौथी निभावली, पाचवी निभावली, सहावीस शेजारची नाईक मटकन बसली, आणि आमची गोजराबाई उभी. मग ती वडास मिठी मारोन रडली, आणि लेखकही रडला, यात लाज नाही.

परंतु दरबार भरला आणि दिवाण बोलिले की हा विजय मानकऱ्यांचे श्वासाचा. सबब शाली मानकऱ्यांस द्याव्या, पुढील साली त्यांणीच धावावे, आणि बायकांनी दळावे. सरकारांनी मान डोलविली. लिहिताना मस्तक फिरते.

गोजराबाई पुढे आली. "सरकार, मानकऱ्यास्नी उद्याच येक धाव मारू द्या. आमी बाया म्हालात बसून हवा वढतो. मग काय ते ठरवा."

सरकारांस हे रुचले. दुसरे दिवशी प्रातःकाळी मानकरी वेशीपाशी उभे राहिले आणि नौबत वाजली, परंतु थोराचे पुढे पाऊल टाकणे ही बेअदबी, म्हणोन सगळे दिवाणांची वाट पाहू लागले, आणि दिवाणांचा गुडघा धरलेला. दिवाण चालले की सगळे चालत, आणि दिवाण विडा लावावयास थांबले की सगळे थांबत. वाटेत एक शेळी सर्वांस मागे टाकोन गेली, तिचा दर्जा कोणास ठाऊक नसल्याने कोणी हटकिले नाही. सूर्य मावळला तरी वड दूर. सरकार हसता हसता लोडावरोन घसरले, आणि पथक कायम केल्याचा हुकूम भुईवरोनच दिला.

एवंच, राज्य जिंकले ते बायकांचे दमाने. गोजराबाई अद्याप रोज पहाटे त्या माळावर धावते, आणि मानकऱ्यांस वळसा घालोन जाते. ते तेथेच आहेत. दिवाण बसले आहेत, म्हणोन कोणास उठता येत नाही.