माहेरचं लुगडं आणि अडकलेला प्लग

चिखलीच्या हिंमतरावांची मारुती आजवर कुठल्या मेकॅनिकने पाहिली नव्हती. "गाडीचा डॉक्टर घरातच हाय!" ते छाती फुगवून सांगत. त्या डॉक्टरपायी ती गाडी वर्षातून सहा महिने बाजेवर असायची, हे मात्र गल्लीला ठाऊक होतं.

त्या सकाळी लोणारहून फोन आला. थोरली बहीण झुंबरबाई पहाटे गेली होती. हिंमतराव ओट्यावर बसून लहान लेकरासारखे रडले. मग डोळे पुसून उठले. बाईच्या अंगावर माहेरचं लुगडं पडल्याशिवाय तिला उचलत नाहीत, आणि माहेर म्हणून आता ते एकटेच उरले होते.

"दोघंबी एस्टीनंच जाऊ," त्यांची बायको छाया म्हणाली.

"तू हो पुढं! मी लुगडं घेतो अन् गाडीनं येतो. तुह्याआधी पोचतो का नाही पाय!"

त्यांनी गाडीनं बाजारात जाऊन हिरवं लुगडं घेतलं, पिशवी सीटवर ठेवली. घरापर्यंत परत येताना इंजिन उचक्या देऊ लागलं. प्लगच खराब, दुसरं काय! साफ केला की झालं! इंजिन अजून तापलेलं होतं, पण थांबायला वेळ कुणाला? त्यांनी पाना लावला आणि सगळा राग, सगळं दुःख त्या पान्यावर काढलं.

कट्! प्लगचं डोकं हातात आलं, आट्याचा तुकडा इंजिनातच राहिला.

तेवढ्यात भाचा कुलदीपचा फोन. "मामा, निंघाले का?"

"निंघालो ना बाप्पा!" हिंमतराव बॉनेटमध्ये डोकं घालून म्हणाले. आपल्याकडे पायात चप्पल नसली तरी माणूस निघालेलाच असतो!

शेजारचे कूलरवाले अन्वरभाई धावत आले. "काऊन घाबरता? कानस ठोकू, उलटी फिरवू, निंघते!" कानस ठोकली. फिरवली. कानसही मोडली! आता आत प्लग होता आणि कानसही होती.

पुन्हा फोन. "मामा, कुठी आहा?"

"मेहकर आलंच!" तोंडून निघून गेलं.

लोणारच्या अलीकडचं मेहकर ऐकताच तिकडे लोकांनी बाईला आंघोळ घातली, अंगणात आणून ठेवलं, गावाला बोलावणं धाडलं. इकडे हिंमतराव प्लगला हात जोडत होते! शेवटी अन्वरभाईंनी त्यांना स्कूटरवर बसवलं. हिंमतरावांनी सीटवरची पिशवी बगलेत मारली आणि स्टँड गाठला. एस्टीत ते खिडकीशी तोंड करून रडत राहिले. खरंखुरं मेहकर आलं तेव्हा त्यांनी लाजेने मान खाली घातली.

लोणारला पोचले तेव्हा उन्हं उतरली होती. माणसं ताटकळून दमली होती. छाया पुढे आली आणि पिशवी तिने हातात घेतली. केवढी जड! उघडली तर आत पाने, हातोडी आणि मोडकी कानस. लुगडं राहिलं गाडीत!

कुणीतरी फिसकन हसलं. हिंमतरावांना धरणीने पोटात घ्यावं असं वाटलं.

दाजी रंगराव भिंतीला धरून उठले आणि घरात गेले. बाहेर आले तेव्हा त्यांच्या हातात एक हिरवं लुगडं होतं. घडीसुद्धा मोडलेली नव्हती.

"मांगच्या दिवाळीले तुम्हीच देल्लं होतं," ते म्हणाले. "मी म्हटलं, नेस ना वं. तर म्हणे, हिंमत गाडी घेऊन येईन, मले माहेरी नेईन, तवा नेसतो. रोज रस्त्याकडं पाहे."

लुगडं अंगावर पडलं. हिंमतराव बहिणीच्या पायाशी बसले. मेहकरची थाप ऐकून दुपारपासून बसलेल्या सगळ्या गावादेखत, हुंदके देत तिला म्हणाले,

"गाडी घरीच हाय, बाई. निंघालीच नाही."