ठिपकेबाईंची रंगमोहीम आणि तिसऱ्या नमुन्याचा बचाव

विद्येचे दैवतास दंडवत घालोन हकीकत लिहितो ती ऐसी की, पुढील पिढ्यांनी आलेख काढिताना रंगास क्षुल्लक समजू नये. जे समजतील ते तोंडघशी पडतील, यात संशय नाही.

विज्ञानमुलखी, तिसऱ्या मजल्यावरील प्रयोगशाळेत, ठिपकेबाई नामे संशोधिका होत्या. धातूच्या पट्ट्या तापवाव्या, वाकवाव्या, आणि प्रत्येक माप आलेखात ठिपका करोन मांडावे ही त्यांची चाकरी, म्हणोन हे नाव. नमुने तीन. दर नमुन्यास ठिपक्यांची फौज एक, प्रयोगातून आलेली, आणि रेषा एक, गणितातून आलेली. ठिपके रेषेवर बसले म्हणजे गणित खरे. त्यांत तिसरा नमुना महाहट्टी. त्याने बाईंची दोन वर्षे खाल्ली, आणि अखेर रेषेवर बसला, तोच प्रबंधाचा प्राण जाहला.

परंतु आलेख काढणारा संगणक मोठा बेमुर्वत. नातेगोते न पाहता येईल त्यास पुढचा रंग वाटीत गेला आणि तिसऱ्याचे ठिपके जांभळे तर रेषा तपकिरी, ऐसी बेबंदशाही माजली. मग आलेख गेला थोरल्या सरांकडे, जे बाईंचे मार्गदर्शक, आणि ज्यांचा दबदबा ऐसा की, पत्नी बहिणीकडे गेल्यापासून ते दोन पायांत दोन तऱ्हांचे मोजे घालोन येत, तरी लोक त्यास विद्वत्तेचे लक्षण मानीत. त्यांनी भलतीच रेषा तिसऱ्याची समजोन फर्मान सोडिले की, तिसऱ्याचे ठिपके चढतात आणि रेषा उतरते, सबब तिसरा नमुना प्रबंधातून वगळावा. बाईंच्या पायांखालची जमीन सरकली.

मग बाईंनी बाह्या सरसावल्या आणि पहिल्याचे ठिपके हिरवे तर रेषाही हिरवी, दुसऱ्याची जोडी निळी, तिसऱ्याची लाल, ऐसा घरोबा लावोन आलेख पुन्हा हुजूर रुजू केला. सरांनी चष्मा पुसला, पाहिले, आणि पुन्हा पुसला.

"अगं, रेषा उतरतेच आहे की अजून."

"सर, लाल रेषा बघा ना."

"तीच तर बघतोय," म्हणोन त्यांनी बोट ठेविले ते हिरवीवर.

बाईंस संताप आला. झोपलेल्यास उठविता येते, सोंग घेतलेल्यास कैसे उठवावे, ऐसे मनी घोकीत त्या पेनाचे पडलेले टोपण उचलावयास मेजाखाली वाकल्या, आणि तेथे सरांचे मोजे नजरेस पडले: एक लाल, दुसरा हिरवा. बाईंचा संताप मेजाखालीच उतरला. टोपण केव्हाच हाती आले होते, तरी त्या अंमळ तेथेच राहिल्या.

वर येताच त्यांनी रंगांची यादी उघडली. लाल बरखास्त केला, हिरवा बरखास्त केला, आणि पहिल्याची जोडी काळी, तिसऱ्याची नारिंगी करोन पडदा सरांकडे वळविला. दुसऱ्याची निळी होती ती राहू दिली.

सर पुढे वाकले. मग बोट नारिंगी रेषेवरोन टोकापर्यंत नेले, आणि फर्मान फिरले की, तिसरा नमुना बसतो आहे, सबब तो प्रबंधात राहील आणि मानाच्या जागी राहील. बाईंचे डोळे भरोन आले.

त्या उठावयास लागल्या तो सरांनी दार लोटले, खुर्ची मागे सारली आणि पाय पुढे केले.

"आता खरं सांग. हे दोन्ही एकाच रंगाचे आहेत का?"

"नाहीत, सर."

"कधीपासून?"

"मॅडम बहिणीकडे गेल्यापासून."

"आणि सगळे गप्प बसलात?"

"आम्हाला वाटलं, मोठी माणसं अशीच असतात."

सर हसले, पण कान लाल जाहले, जे त्यांस दिसणे नव्हते.

येणेप्रमाणे ठिपक्यास रेषा मिळाली, तिसरा नमुना वाचला आणि मोहीम फत्ते जाहली. दुसरे दिवशी सर काळे मोजे घालोन आले आणि दारातच थांबोन बाईंकडे पाहोन भुवई उंचाविली. बाईंनी पायांकडे पाहिले आणि मान डोलाविली. हीच या विजयाची मोहर जाणावी.