शिंपल्याच्या मुठीचा चाकू

"तुम्ही चाकू घेताय की मुलगी पसंत करताय?" वसईच्या बाजारातल्या दुकानदाराने तिसऱ्या दिवशी विचारलं, तेव्हा वाचनालयाचे ग्रंथपाल तुळशीदास कानापर्यंत लाल झाले.

रविवारी सासऱ्यांची, हिरामणबाबांची साठी होती. वसईजवळच्या गास गावात त्यांची केळीची वाडी. लग्नाला अकरा वर्षं झाली, पण जावयाने आणलेल्या वस्तूबद्दल त्यांच्या तोंडून एक चांगला शब्द निघाला नव्हता. छत्री दिली, ती वांग्यांच्या वाफ्यात बुजगावण्याच्या हाती गेली. मफलर वासराच्या गळ्यात दिसला. या खेपेला एकदा तरी 'छान' ऐकायचंच, असं तुळशीदासांनी ठरवलं होतं.

शेवटी त्यांनी शिंपल्याच्या मुठीचा, बोटभर लांबीचा घडीचा चाकू घेतला. इतका नाजूक आणि देखणा, की तो कापतही असेल यावर विश्वास बसू नये. रविवारी सकाळी इस्त्रीचा सदरा घालून निघायची वेळ आली, तोवर तुळशीदासांचाही बसेना.

शेजारचा क्लेमेंट आपल्या वाडीत केळी उतरवत होता. तुळशीदास कुंपणापलीकडे गेले.

"क्लेमेंट, जरा बघ रे, धार आहे ना?"

वाडीतल्या माणसाच्या हाती पातं आलं, की तो ते डोळ्यांनी बघत नाही, कशावर तरी चालवून बघतो. पुस्तकांच्या नादात तुळशीदास हे विसरले होते. क्लेमेंटने थेट समोरच्या लोंगराचा, म्हणजे केळ्यांच्या अख्ख्या घडाचा, दांडाच कापायला घेतला.

"अरे, अरे, ती भेट आहे!"

"म्हणून तर! बोथट निघाला तर सासरा तुम्हालाच सोलेल, तुळशीभाऊ."

चाकू उत्तम निघाला. अख्खा लोंगर सुटला, तो धरायला धावलेल्या तुळशीदासांच्या छातीवर. चीक सदऱ्यावर, पात्यावर, शिंपल्याच्या मुठीवर ओघळला आणि बघता बघता काळा पडू लागला.

"अहो, हा साठीचा सदरा!" घरी परतताच बायको, प्रेमलता, ओरडली.

"दुसरा?"

"भिजत घातलाय!"

तिने चाकू राखेने घासला. चीक गेला नाहीच, उलट चिकात राख बसून चाकू मिटला तो उघडेना. मग खोबरेल ओतलं. चाकू उघडला, पण तेल भेटीच्या डबीत उतरलं, डबीतून वरच्या गुलाबी कागदात. गासला पोहोचेपर्यंत आतलं सगळं बाहेरून दिसत होतं.

पाहुण्यांसमोर हिरामणबाबांनी कागद सोलून काढला. काळाकुट्ट चाकू नाकाशी नेला. मग जावयाच्या सदऱ्याकडे बघितलं.

"हा तुमच्या वापरातला?"

तुळशीदासांनी खरं सांगायला तोंड उघडलं, तोच प्रेमलताचं कोपर बरगडीत बसलं.

"म्हणजे... हो."

"केळी कापता?"

"आज सकाळीच एक लोंगर..." खरं तेवढंच ते बोलले.

हिरामणबाबांचे डोळे भरून आले. बायकोकडे वळून ते म्हणाले, "सुभद्रे, बघ गं! मी समजत होतो, पोर पुस्तकांच्या कपाटात दिली. आणि हा माणूस माझ्या साठीला स्वतःच्या हातचं हत्यार घेऊन आला! छान, जावईबापू! फार छान!"

अकरा वर्षांची उधारी एका दमात फिटली. तुळशीदासांनाही हुंदका आला.

"पण एवढ्याशा पात्याने तुमचं काय भागणार?" असं म्हणत बाबा आत गेले आणि आपला हातभर कोयता आणून त्यांनी जावयाच्या हातात दिला. "हा आता तुमचा. उद्या पहाटे व्यापाऱ्याची गाडी येतेय, साठ लोंगर उतरवायचेत. जेवून इथेच झोपा."

"बाबा, उद्या वाचनालय..."

"बंद ठेवा! लोकांनी परवा वाचलं म्हणून अक्षरं काय उडून जातात?"

तुळशीदासांनी मदतीच्या आशेने प्रेमलताकडे बघितलं. ती वडिलांची जुनी अर्धी चड्डी दोन्ही हातांत धरून, ती नवऱ्याला कमरेत बसेल का, याचा लांबूनच अंदाज घेत होती.