सागरच्या पाण्यातलं वरण

श्रीधर मॅट्रिकला तालुक्यात पहिला आला आणि पांढुर्ण्याच्या रघुनाथराव मास्तरांच्या घरातली शांतता गेली. मास्तरांनी कागदावर तीन रकाने आखले: नागपूर, सागर, काशी. नागपूर तीन तासांवर, मास्तर स्वतः तिथेच शिकलेले. पण गेल्या नोव्हेंबरात राज्यं नव्याने आखली तेव्हा ते मुंबई राज्यात गेलं होतं आणि पांढुर्णं मध्य प्रदेशात राहिलं होतं. "नोकरी मागायची भोपाळले अन् डिगरी आनायची परराज्यातून?" असं म्हणत ते रकान्यांतले गुण खोडत आणि पुन्हा लिहीत. श्रीधरने रकाने पाहिलेच नाहीत. रामाकोन्याच्या रानातून खिसे भरभरून दगड आणणाऱ्या त्या पोराला सागरलाच जायचं होतं. तिथे म्हणे दगडांचाच अभ्यास शिकवतात.

"शिकवत असतीन," त्याची आई वच्छलाबाई म्हणाल्या. "पन टायफॉइड झाल्यापासून त्याच्या पोटाले परकं पानी चालत नाही. पानी पायल्याशिवाय मी पोरगं धाडत नाही."

पाणी पाहायचं म्हणजे त्यात तुरीची डाळ शिजवायची. जिथली डाळ मऊ, तिथलं पाणी मानवणार. काशी आधीच बाद झाली. गंगा देवघरात सीलबंद होती, पण "गंगेत वरन शिजवू काय?" असं वच्छलाबाईंनी विचारताच मास्तरांनी तो रकाना खोडला. नागपूरचं पाणी शेजारच्या पुंडलिकरावांनी आणलं. सागरला वच्छलाबाईंचा धाकटा भाऊ मुकुंद गेला आणि चौथ्या दिवशी घामाघूम होऊन बरणी घेऊन परतला.

दोन चुली पेटल्या. तास झाला तरी नागपूरच्या पाण्यातली डाळ शिजेना. सागरची लोण्यासारखी विरघळली. वच्छलाबाईंनी बोटभर चाखली, पुन्हा एकदा चाखली आणि दाराकडे पाहिलं. श्रीधर दारात खिशातला दगड मुठीत धरून उभा.

"सागर," त्या म्हणाल्या, आणि चुलीतली लाकडं ओढायला वळल्या.

पोरगा गेला. दिवाळीआधी पत्र आलं: अभ्यास उत्तम, दगड तर विचारूच नका, पोट थोडं दुखतं, आणि इथली डाळ काही केल्या शिजत नाही.

"असं कसं?" म्हणत मास्तर शाळेत गेले. मग मुकुंद बोलला.

"ताई, बरनी इटारसीले फुटली. पुन्हा जायाची हिंमत नाही झाली. दुसरी घेतली अन् तुमच्याच विहिरीचं भरलं, मागच्या दारानं."

"मले मालूम हाय. वीस वर्सं तेच पानी भरून राहिली. जिभेले समजनार नाही काय?"

"मंग बोलली काहून नाही?"

"त्याचं तोंड पायलं होतं काय तू?" पत्राची घडी घालता घालता त्यांनी ते पुन्हा उघडलं. "थोडं दुखते म्हंजे किती दुखत असंन रे?"



मास्तरांनी मात्र एव्हाना डाळीची परीक्षा गावभर सांगितली होती. त्याच दुपारी पुंडलिकरावांच्या देवकाबाई पाण्याच्या दोन बाटल्या घेऊन आल्या. मागे त्यांची मुलगी उर्मिला.

"वयनी, पुढच्या साली हिले भोपाळले धाडावं का जबलपूरले? तुमीच डाळ लावून सांगा."

वच्छलाबाईंनी बाटल्या बाजूला ठेवल्या आणि उर्मिलेला जवळ ओढलं.

"तुले कुठं जायाचं हाय, ते माह्या कानात सांग. डाळ मंग लावू."