रुग्ण पूर्ण बरा

माणसाने वस्तूंवर जीव लावू नये, हे माझ्या एकाहत्तर वर्षांच्या चिंतनाचं सार आहे. हे सार मी ताईला ऐकवलं, तेव्हा मी एका फुटलेल्या थर्मासचं झाकण छातीशी धरून उभा होतो.

"मग ते टाक आधी," ताई म्हणाली.

ताई माझी थोरली बहीण. माझी बायको गेल्यापासून रोज दुपारी येते आणि जेवलास का विचारते. नाही म्हटलं तर शिव्या देते, हो म्हटलं तरी देते. तिच्याच धाकाने मी घर रिकामं करायला काढलं. कपाट गेलं, शिलाई मशीन गेलं, जन्मात न वापरलेली व्यायामाची सायकल तर अर्ध्या तासात गेली! अडली फक्त खाट.

आजाऱ्याची लोखंडी खाट. पायथ्याचा दांडा फिरवला की उशाकडची बाजू वर होते. बायको तिच्यावर चौदा महिने होती. मोबाइलवर जाहिरात टाकली, गिऱ्हाईकंही आली. चाकं तपासायची, दांडा फिरवायची आणि घसा खाकरून विचारायची, "पेशंट आता कसे आहेत?"

"सुटली," मी म्हणायचो.

गिऱ्हाईकही सुटायचं. थेट जिन्याकडे!

अकरावं पळालं तेव्हा शेजारचे वकील म्हणाले, "इतकं खरं बोलून आजवर कोणी काही विकलंय का हो?" त्यांचा धंद्यातला अनुभव दांडगा. मी जाहिरातीत एक ओळ वाढवली : 'रुग्ण पूर्ण बरा.'

बारावा आला तो घड्याळं दुरुस्त करणारा. त्याची बायको सहा महिने अंथरुणाला खिळलेली. त्याने दांड्याला हातसुद्धा लावला नाही. "त्यांना एकदा बघू का? घरी जाऊन सांगेन, उठलेलं माणूस डोळ्यांनी पाहिलं म्हणून."

नेमकी तेव्हाच ताई हातात फडकं घेऊन स्वयंपाकघरातून बाहेर आली.

"ह्याच का?" त्याचे डोळे भरून आले. आता भरल्या डोळ्यांना नाही म्हणायचं कसं?

"ह्याच. आमची बायको."

"अरे गाढवा—" ताईने माझं तोंड पाहिलं, मग त्याचं. "—अहो! पाहुणे आलेत, सांगायचं तरी!"

त्याची नजर भिंतीवरच्या फोटोवर गेली. फोटो बायकोचा. "आणि ह्या?"

"माझी थोरली बहीण. मागच्या वर्षी गेली."

"अरेरे! तुमच्या नणंद का, वहिनी?"

ताईने माझ्याकडे असं पाहिलं, की भिंतीवर माझीही जागा ठरली. मग डोळ्यांना फडकं लावून म्हणाली, "फार गुणी होती हो! असली नणंद मिळायला नशीब लागतं. भाऊ तेवढा नालायक निघाला."

त्याने तिथूनच घरी फोन लावला आणि ताईला दाखवलं. पडद्यावर एक उशी आणि दोन डोळे.

"वहिनी, खरंच उठलात तुम्ही?"

"उठले की!" ताई म्हणाली. "घरात कामाला माणूस नको का?"

उशीवरचे डोळे हसले. खाट गेली.

त्याच्या बायकोचा फोन मात्र रोज पाचला येऊ लागला. रात्री दुखलं की काय करायचात? पाठीची आग व्हायची तेव्हा? ताईला काय ठाऊक! ती फोनवर हात ठेवून मला विचारायची, मी कुजबुजत सांगायचो. दांडा तीनच फेरे फिरवायचा, चौथ्याला कळ येते. गुडघ्याखाली लहान उशी. फारच असह्य झालं, तर बायको मला माझेच छापून आलेले विनोदी लेख वाचायला लावायची; हमखास झोप लागायची.

"तुमच्या मिस्टरांच्या सगळं लक्षात आहे हो," ती एकदा तिकडून म्हणाली.

"त्याला काय धाड भरलीय!" ताई म्हणाली. मग फोन ठेवून बराच वेळ भांडी घासत बसली. घासलेलीच.

अडीच महिने असे गेले. मग फोन थांबला. तरी पाचला ताई गॅसवर दूध उतू जातंय अशा घाईने येऊन फोनशेजारी बसायची. आठव्या दिवशी वाजला. घड्याळवाला होता.

"गेली. पहाटे, झोपेतच. दांडा तीन फेऱ्यांवर होता."

"माफ करा," मी म्हणालो, "त्या जाहिरातीत मी खोटं—"

"ते पहिल्याच दिवशी कळलं हो. नवऱ्याला गाढव सगळ्याच म्हणतात, पण इतक्या हक्काने फक्त बहीणच म्हणते. हिलाही कळलं असावं. तरी पावणेपाचला केस विंचरून घ्यायची."

बराच वेळ फोनमधून नुसती घड्याळं ऐकू येत राहिली. मग त्याने घसा खाकरला.

"एक लहानसं काम होतं. खाट काढून टाकतोय. उद्या एकजण बघायला येतोय, त्याच्या आईसाठी. तुमच्या ताईंना तासभर सवड होईल का?"